मागलीची जागा

“किती?” द्वारकीबाईने विचारले.

“नऊ,” मथुरा म्हणाली.

मी उंडीच्या झाडाखाली उभा राहून मोजत होतो. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडपावरची कालवे काढून परतलेल्या बाया आठ होत्या. त्यांच्या डोक्यांवरच्या पाट्याही आठच होत्या. मी पुन्हा एकदा मोजल्या, कारण दुसऱ्याची चूक दाखवण्यापूर्वी आपली तपासून घ्यावी असा माझा नियम होता. मग पुढे होऊन म्हणालो, “आठ.”

बाया थांबल्या. पाट्यांतले खारे पाणी त्यांच्या खांद्यांवर ठिबकत होते.

“मास्तर,” मथुरा म्हणाली, “साळंत पोरांच्या चुका कमी पडल्या काय, म्हनून हयसर आलाव?”

सगळ्या हसल्या. द्वारकीबाई हसली नाही. सत्तरीच्या पलीकडची, वाळल्या बोंबलासारखी ताठ अशी ती बाई होती. पुळणीच्या कडेला जो काळा दगड आहे, त्यावर ती ओहोटीच्या दिवसांत रोज येऊन बसे आणि शेवटची बाई कोरड्या वाळूवर आली की हा एकच प्रश्न विचारी.

“आठच हायत,” ती म्हणाली. “नववी मागली.”

“मागली म्हणजे कोण?”

“मागं हाय ती.”

मी मागे पाहिले. ओल्या वाळूचा विस्तार, त्यानंतर पाण्याने चकाकणारा चर, आणि चरापलीकडे अर्ध्या मैलावर खडपाची काळी रेघ. तेवढ्या पसाऱ्यात एक बगळासुद्धा नव्हता.

“तिथे कोणीही नाही,” मी म्हणालो.

“मोजली न्हाय तर येनार कशी?” द्वारकीबाई म्हणाली आणि पदर सावरून उठली.

भाटवेळ हे गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. शाळेवर माझी नेमणूक होऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि लग्नाला पाच. ते खानेसुमारीचे वर्ष होते. गावातली माणसे मोजण्याचे काम सरकारने माझ्याकडे सोपवले होते, आणि ते मी ज्या काटेकोरपणे करत होतो त्याचा मला अभिमान होता. ज्या गावाची शिरगणती मी करतो आहे, त्या गावाच्या बाया रोज सकाळी जाणूनबुजून खोटी संख्या सांगतात, ही गोष्ट माझ्या मनाला कुसळासारखी टोचू लागली.

चौकशी केली तेव्हा कळले की ही रीत फार जुनी होती. जाताना कोणी मोजायचे नाही. परतल्यावर जितक्या असतील त्याहून एक अधिक सांगायची. ती अधिकची एक म्हणजे मागली. ती कोण, कधीची, कोणाच्या घरातली, हे कोणालाही ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसल्याचे कोणाला काही वाटतही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी द्वारकीबाईला गाठले. ती अंगणात सुकट पालटत होती.

“समजा, उद्या आठ जणी गेल्या,” मी म्हणालो. “एक खडपावर पाय घसरून पडली. सात परतल्या. तुम्ही विचारलेत, किती? मथुरा रीतीप्रमाणे म्हणाली, आठ. तुम्ही समाधानाने घरी जाल आणि तिकडे ती बुडेल. पटते का?”

“न्हाय.”

“का नाही? हिशेब सरळ आहे.”

“आमी तोंडां बगताव, मास्तर. कोन आली, कोन न्हाय, ता तोंडावरनं कळतां. आकडा आमच्यासाटी न्हाय. तिच्यासाटी हाय.”

“जी नाही, तिच्यासाठी?”

तिने हातातले फडके झटकले. “तुमची आय हाय?”

“नाही. मी लहान असतानाच गेली.”

“मग शिराद्धाला पान कोनासाटी वाडताव?”

मी श्राद्ध आणि गणना यांतला भेद तिला समजावून सांगू लागलो. एक उपचार आहे, दुसरी साक्ष आहे. उपचारात भावना चालते, साक्षीत चालत नाही. मी बराच वेळ बोललो असेन. थांबलो तेव्हा ती सुकटीच्या पाटीसकट घरात गेलेली होती आणि अंगणात एक कोंबडी माझ्याकडे बघत उभी होती.

म्हातारी बधली नाही, पण मथुरा बधली. सगळ्यांच्या पुढे चालणारी, चरातली उथळ वाट पायांनी ओळखणारी बाई ती. संध्याकाळी ती माझ्या बायकोकडे, कुमुदकडे, अक्षरे गिरवायला येत असे. मी तिला पाटीवर हिशेब मांडून दाखवला. ती पाटीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, “आकडा तर खराच तुमचा. पन मास्तर, वादात जिंकलेला मानूस जेवताना घास चावतो तरी काय हो, का घासाशीबी भांडतो?”

“भांडतात,” कुमुद आतून म्हणाली. “मिठावरून.”

होळीच्या आधी पाच दिवस मथुराने खरी संख्या सांगायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी तिने “आठ” म्हटले तेव्हा द्वारकीबाई उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती दगडावर आलीच नाही. रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, “आकडा तुमचा, तर दगडबी तुमचाच. बसा.”

मी बसू लागलो. मला त्यात विनोद वाटला, आणि खोटे कशाला सांगू, थोडा विजयही वाटला.

कुमुद देशावरची, शिरूरच्या बाजूची. लग्नापूर्वी तिने समुद्र पाहिलेला नव्हता. पहिले दोन महिने ती खिडकी लावून झोपे. मथुरा तिला चिडवत असे, “तुज्या गावात पानी म्हंजे हिरीतला. वाकून बगायचा. हयसर पानी मान वर करून आपल्याकडं बगतां.” होळी पौर्णिमेनंतरच्या तृतीयेला कुमुद पहाटे उठून, कासोटा घालून माझ्यासमोर उभी राहिली.

“अहो, मी जाऊ का त्यांच्याबरोबर? खडपावरून आपलं गाव कसं दिसतं ते बघायचंय.”

“भीती गेली वाटते?”

“गेली नाही. म्हणूनच.”

ती गेली असती तर त्यात वावगे काहीच नव्हते. पण मला त्यातही काम दिसले. मी म्हणालो, “जा. मात्र मथुराच्या जवळपास राहा, आणि परतताना मोजत ये. तुला धरून नऊ. नऊ भरल्या, की सगळ्या पोहोचल्या असे समज.”

“म्हणजे खानेसुमारी समुद्रातही?” ती हसली, आणि गेली.

त्या दिवशी साडेसातच्या सुमारास ओहोटी पुरी झाली. मी खानेसुमारीचे कागद घेऊन दगडावर बसलो होतो. धुके दाट होते. मार्चातले धुके पांढरे असते आणि त्यात सूर्य आला की ते विरळ होण्याऐवजी अधिकच पांढरे होते. डोळे उघडे ठेवूनही काही दिसत नाही, असा तो पांढरा रंग. लाटांचा आवाजसुद्धा त्या दिवशी दूर गेला होता. आठ वाजून गेल्यावर पाणी फिरले, हे मला वाळूतून चुळचुळत वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून कळले. तेवढ्यात धुक्याच्या कडेवर एक आकृती उमटली, तिच्या मागे दुसरी, मग तिसरी. डोक्यावर पाट्या, एकीमागे एक, पाऊल एकाच लयीत. चेहरे दिसत नव्हते.

मी मोजल्या. नऊ. बोट उचलून पुन्हा मोजल्या. नऊच. शेवटची थोडी अंतर राखून चालत होती आणि तिच्या डोक्यावर पाटी नव्हती, पदर होता. कुमुदला पाटी दिलेली नव्हती, हे मला आठवले. मी खिशातून घड्याळ काढून पाहिले आणि कागदाच्या कडेला आकडा लिहिला. मला अजून आठवते, त्या आकड्याचे वळण मी थोडे गिरवले.

मान वर केली तेव्हा बाया उंडीच्या झाडापलीकडच्या वाटेने विहिरीकडे वळल्या होत्या. धुक्यातून मथुराचा आवाज आला.

“नऊ, मास्तर! बरोबर?”

“बरोबर!” मी ओरडून म्हणालो.

विहिरीवर कालवे धुण्याचे काम अर्धा तास चालते. कुमुद तिथे असणार असे मी धरून चाललो. तीन कुटुंबांचे कागद पुरे केले. चौथा घेतला तेव्हा समोर मथुरा उभी होती. तिचे हात कोपरांपर्यंत ओले होते.

“कुमुद घराकडं गेली काय परस्पर?”

“तुमच्याबरोबर विहिरीवर नाही?”

“न्हाय. आमाला वाटलां, दगडावर तुमच्याजवळ बसली.”

मी उठलो. कागद वाळूवर पडले. “तू नऊ म्हणालीस.”

“नऊच व्हत्या! चर वलांडल्यावर मी मागं वळून मोजल्या. मला धरून नऊ. तुमीबी मोजल्याव ना?”

“शेवटी कोण होती?”

शेवटी रखमा होती, असे मथुरा म्हणाली. तिला विहिरीवरून बोलावून आणले. तिने एकदा मथुराकडे, एकदा माझ्याकडे पाहिले. “शेवटला मी न्हाय. माज्या मागं वयनी व्हती.”

“पाहिलीस?”

“पायांचा आवाज व्हता मागं. वल्या वाळूत चपक चपक. पार कोरड्यापर्यंत व्हता. मी बोललं, वयनी, दमलाव काय? तर काय बोलली न्हाय. मला वाटलां, दमली असंल.”

आम्ही तिघेही त्यांच्या वाटेकडे वळलो. ओल्या वाळूवर पावले उमटलेली होती, एकीत एक मिसळलेली. त्यांतून किती जणींची, हे कोणत्याही खानेसुमारीला सांगता आले नसते. आणि पलीकडे, जिथे चर होता तिथे आता चर नव्हता. एकच सपाट करडे पाणी धुक्यात शिरले होते.

मथुराने नवऱ्याला हाक मारली. धाकू जाळे टाकून धावत आला. होडी लोटली तेव्हा द्वारकीबाई कुठून आली ते मला कळले नाही, ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि धाकूला म्हणत होती, “मला घे.”

“आये, तू कशाला?”

“घे म्हनतंय ना.”

आम्ही तिघे होडीत बसलो. धाकू वल्ही मारू लागला. दहा हातांपलीकडे काही दिसत नव्हते. किनारा मागे नाहीसा झाला आणि मग कोणती बाजू पुढची, कोणती मागची, हे फक्त धाकूच्या पाठीवरून कळत होते. मी उभा राहिलो आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडलो, “कुमुद!”

द्वारकीबाईने माझे धोतर धरून मला खाली ओढले. तिचा खरखरीत, मासळीचा वास येणारा हात माझ्या तोंडावर पडला.

“एकीला हाक मारू नका.”

मी तिचा हात बाजूला सारला. “माझी बायको आहे तिथे!”

“ता ठावं हाय मला. पन एकीला बोलावलाव, तर कंची येईल ता तुमाला ठावं हाय?” ती माझ्या चेहऱ्याजवळ चेहरा आणून म्हणाली. “आट दिस तिला जागा न्हाय, मास्तर. जागा दिली न्हाय, तर ती कोनाची तरी घेनारच. तिचा काय दोष?”

आयुष्यात मी असंख्य मुद्दे खोडून काढले आहेत. पण त्या दिवशी मी स्वतःच्या डोळ्यांनी नऊ मोजल्या होत्या.

ती होडीच्या तोंडाशी जाऊन बसली. तिने हाक घातली. ती ओरडली नाही; पंगतीला पाने मांडून झाल्यावर घरातली मोठी बाई जशी सर्वांना बोलावते, तसा तो आवाज होता.

“या गो, सगळ्या या! जागा हाय! सगळ्यांना जागा हाय!”

धाकूने वल्ही थांबवली. तिने पुन्हा तेच म्हटले, आणि तिसऱ्यांदा मी तिच्याबरोबर म्हटले. माझ्या शुद्ध उच्चारांत ते शब्द कसे वाटले असतील कोण जाणे. “सगळ्या या. जागा आहे.”

होडीला खालून दगड घासला. धाकूने शिवी हासडली, आणि त्याच क्षणी ती मला दिसली.

खडपाचा सर्वांत उंच दगड पाण्यावर जेमतेम उरला होता. त्यावर कुमुद बसली होती. पाणी तिच्या मांडीपर्यंत चढत होते आणि उतरत होते, तिचे लुगडे त्यावर तरंगत होते. डोक्यावरून पदर घेतलेला, हात मांडीवर. भ्यालेली बाई अशी बसत नाही. दुपारची कामे आवरून मागच्या पडवीत जशी ती बसे, अगदी तशी ती बसली होती. आणि दगडाच्या मध्यावर नाही, एका कडेला.

तिने आमच्याकडे पाहिले. ओळखीचे हसू तिच्या तोंडावर आले.

“आलात?” ती म्हणाली. “बसा. पाणी ठेवते.”

आणि ती उठायला लागली. धाकूने झेप घेऊन तिला कमरेला धरले नसते, तर ती सरळ त्या पाण्यात पाऊल टाकून स्वयंपाकघराकडे निघाली असती.

होडीत ती थरथरत होती. द्वारकीबाईने आपला पदर सोडून तिच्याभोवती गुंडाळला आणि तिला पोटाशी घेतले. वाटेत तिने तिला कोणताही प्रश्न विचारला नाही आणि मलाही विचारू दिला नाही.

किनाऱ्यावर आठही जणी उभ्या होत्या. होडी वाळूला लागली. द्वारकीबाई प्रथम उतरली, वळली, आणि तिने रीतीने विचारले, “किती?”

आम्ही गेलो तिघे होतो. परतलो चौघे.

“पाच,” धाकू म्हणाला.

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली, आणि कुमुदला उतरायला हात दिला. होडीत मागच्या बाजूला कोणी उतरायचे राहिले आहे का, हे मी वळून पाहिले नाही. धाकूनेही थोडा वेळ होडी तशीच धरून ठेवली, आणि मग वर ओढली.

घरी जाताना मथुरा सोबत येत होती, पण कुमुदने तिला हाताने थांबवले. आम्ही दोघेच शाळेच्या वाटेने चढू लागलो. धुके उठले होते. ऊन पडले होते. एका बाजूला काजू मोहरले होते, आणि मुले शाळेच्या पडवीत पाढे म्हणत होती. मला वाटले, आता विचारावे.

“काय झाले तिथे?”

“काही नाही हो.” तिचा आवाज साधा होता, दमलेला. “आम्ही परतत होतो. मी शेवटी होते. रखमाच्या पाठीवर पाटीचं पाणी गळत होतं, तेवढंच दिसत होतं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून मोजत होते. माझ्यापुढे आठ. थोडं चालले, पुन्हा मोजल्या.”

“मग?”

“माझ्यापुढे नऊ.”

मी थांबलो. ती थांबली नाही.

“मला वाटलं, चुकले. पुन्हा मोजल्या. नऊ. रखमाच्या मागे एक होती, डोक्यावरून पदर घेतलेली. माझ्यासारखीच चालत होती, उजवा पाय जरा ओढून. मला खडपावर शिंपला लागला होता. तुम्ही म्हणाला होता, नऊ भरल्या की सगळ्या पोहोचल्या. म्हटलं, भरल्या. म्हणजे मीही पोहोचले. आता चालायचं कशाला? मग मागे वळून त्या दगडावर जाऊन बसले. खरं सांगू? फार बरं वाटलं. घरी आल्यासारखं.”

शाळेला लागूनच आमची खोली होती. सकाळी निघताना बाहेरून कडी मीच घातली होती आणि ती तशीच होती. मी कडीला हात घातला. कुमुद पायरीखाली उभी होती. ओल्या लुगड्याचे पाणी तिच्या पावलांभोवती साचत होते, आणि ती माझ्याकडे पाहत नव्हती, बंद दाराकडे पाहत होती.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “आत ती असेल ना?”

“कोण?”

“जी पोहोचली ती. तिला काय सांगायचं?”

कोणी नाही, असे म्हणायला माझ्याजवळ कडीचा पुरावा होता. दार उघडून रिकामी खोली दाखवता आली असती. वाक्य तयारही झाले होते. पण ती ज्या नजरेने दाराकडे पाहत होती, ती नजर आपल्या घरी आलेल्या बाईची नव्हती. आत कोणी बसले आहे, आपण शिरलो तर चालेल की नाही, असा विचार करणाऱ्या पाहुणीची होती.

मी कडी काढली.

“असेल तर असू दे,” मी म्हणालो. “तू ये. जागा आहे.”